कुत्र्याच्या पंजाचं हाड मोडलंय? पुढचे सहा-आठ आठवडे समजून घ्या

चिंगी ओरडली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मे महिन्यातली संध्याकाळ, कूलरचा घरघराट चालू, तरीही ती किंकाळी घरभर ऐकू आली. बाहेर येऊन बघते तर ती तीन पायांवर उभी, पुढचा उजवा पंजा वर धरलेला आणि गल्लीतून एक गाडी मागे घेतली जात होती. पंजा मागच्या चाकाखाली आला होता. रक्ताचा एक थेंब नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मुका मार आहे बापा, हळद-चुना लाव, सकाळपर्यंत पळून राहिली असन." दोन तासांत पंजा फुगून दुप्पट झाला. एक्स-रेमध्ये पंजाची दोन लांब हाडं मोडलेली दिसली.

पुढचे सात आठवडे मी जे शिकले, ते मला त्या संध्याकाळी माहीत असतं तर चिंगीचा बराच त्रास वाचला असता. हाड मोडणं ही या दुखण्याची एक बाजू झाली. दुसरी बाजू बँडेजची आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याला कोणी फारसं सांगत नाही.

कुत्रं बोटांवर चालतं

आपला हात टेबलावर पालथा ठेवा. आता तळवा आणि मनगट उचला आणि भार फक्त बोटांवर घ्या. कुत्रं आयुष्यभर असंच उभं असतं. त्याच्या पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो, ते खरं तर मनगट आहे. मागच्या पायात उलटा वाकलेला जो कोपरा दिसतो, ती टाच.

मनगट आणि बोटं यांच्यामध्ये शेजारी-शेजारी चार लांब हाडं असतात. पुढच्या पायात त्यांना मेटाकार्पल म्हणतात, मागच्या पायात मेटाटार्सल. पुढच्या पायाला आतल्या बाजूने आणखी एक छोटं हाड आणि त्याचं वर लटकणारं बोट असतं, आपल्या अंगठ्यासारखं. उभं असताना ते जमिनीला टेकत नाही. टेकणाऱ्या प्रत्येक बोटात तीन छोटी हाडं, आणि शेवटच्या हाडातून नख उगवतं. म्हणून नख मुळापासून उपटलं गेलं तर बोटाच्या टोकाचं हाडही तपासावं लागतं.

उभ्या कुत्र्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. त्यातही पंजाच्या चार हाडांपैकी मधली दोन जास्त भार उचलतात, कडेची दोन मदतीला असतात. उपचार ठरवताना डॉक्टर आधी हेच बघतात, म्हणून एवढं लक्षात ठेवा.

चार बांबूंची घट्ट बांधलेली मोळी डोळ्यांसमोर आणा. त्यातला एक बांबू मोडला तर बाकीचे तीन त्याला जागेवर धरून ठेवतात. चारही मोडले तर मोळी वाकते. पंजाचं तसंच आहे. एखादं हाड मोडलं तर शेजारची धडधाकट हाडं त्याला आतून आधार देतात. मांडीचं एकुलतं हाड मोडल्यावर अशी सोय नसते. म्हणूनच पंजाची पुष्कळ फ्रॅक्चर ऑपरेशनशिवाय बरी होतात.

पहिला तास

गाडीचा धक्का लागला असेल तर सगळ्यांचं लक्ष पायाकडे जातं, कारण तो दिसतो. पण जीव जातो तो छातीतल्या किंवा पोटातल्या माराने. श्वास जोरजोरात चालू आहे का, हिरड्या गुलाबी आहेत की पांढऱ्या पडल्या आहेत, लघवी होते आहे का, हे आधी बघा. फुप्फुसाला बसलेल्या माराची लक्षणं कधी कधी काही तासांनी दिसू लागतात. म्हणून "ठीक वाटतोय" म्हणून रात्रभर थांबू नका.

दुखणारं कुत्रं मालकालाही चावतं, ते त्याच्या हातात नसतं. सुती दुपट्ट्याने तोंड सैलसर बांधता येतं, पण उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर अजिबात बांधू नका. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच जपा. पारा ४५च्या पुढे असताना अंगातली उष्णता बाहेर टाकायला कुत्र्याकडे धापण्याशिवाय फारसा मार्ग नसतो, आणि तोंड बांधलं की तोच बंद होतो.

उघडी जखम असेल तर स्वच्छ ओल्या कापडाने झाका आणि लगेच निघा. हाडापर्यंत जंतू पोचले तर बरं होण्याचं सगळं गणित बदलतं. घरी काठी, पट्टी, बांबू काही घट्ट बांधू नका. गुंगी द्यावी लागू शकते, म्हणून खायलाही घालू नका.

आणि कृपा करून घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतात. पॅरासिटामॉलचं प्रमाण चुकलं तर यकृताला आणि रक्ताला इजा होते. आपल्याला सोसणारं औषध दुसऱ्या प्राण्याला सोसेलच असं नसतं. डायक्लोफिनॅकमुळेच आपली गिधाडं संपत आली. औषध दिलेली गुरं मेल्यावर त्यांचं मांस गिधाडांनी खाल्लं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर भारतात बंदी आली. कुत्र्यांसाठी तपासलेली वेदनाशामकं आहेत, मेलॉक्सिकॅमसारखी, पण तीसुद्धा वजन बघून डॉक्टरांनीच द्यायची.

एक्स-रे आणि मग निर्णय

नागपुरात आपलं एक भाग्य आहे. सेमिनरी हिल्सला १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, म्हणजे आपल्या 'माफसू'चं, मुख्यालयही इथेच आहे. अवघड फ्रॅक्चर असेल तर महाविद्यालयाच्या दवाखान्यात दाखवण्याचा पर्याय विदर्भातल्या लोकांना हाताशी असतो.

एक्स-रे किमान दोन बाजूंनी काढावा लागतो. पंजाची हाडं एकावर एक दिसतात आणि एकाच फोटोत फट लपून जाते. कधी चिकटपट्टीने बोटं फाकवून फोटो घेतात, कधी दुसऱ्या बाजूच्या चांगल्या पंजाचाही काढतात. त्यासाठी गुंगीचं इंजेक्शन देतात तेव्हा घाबरू नका. दुखणारा पाय ताणून धरण्यापेक्षा ते बरं. पिल्लांच्या एक्स-रेत हाडाच्या टोकाजवळ एक काळी रेघ दिसते. ती बहुतेक वेळा फ्रॅक्चर नसून हाड वाढण्याची जागा असते. बोटांच्या मुळाशी तिळाएवढी सुटी हाडंही असतात. त्यांतलं एखादं दोन तुकड्यांत दिसलं म्हणजे तेच लंगडण्याचं कारण, असं नसतं.

आता मुख्य प्रश्न: स्प्लिंट (बँडेजमध्ये बसवायचा कडक आधार) की ऑपरेशन? वर्षानुवर्षांचा ठोकताळा असा: एक किंवा दोन हाडं मोडलीत, तुकडे फारसे सरकलेले नाहीत आणि मधल्या दोनांपैकी निदान एक शाबूत आहे, तर स्प्लिंट पुरते. मधली दोन्ही मोडली, तीन-चार हाडं गेली, तुकडे हाडाच्या निम्म्याहून जास्त रुंदीने सरकले, फट सांध्यात शिरली किंवा कुत्रं भारी वजनाचं असेल, तर ऑपरेशनचा विचार करतात. हाडाच्या पोकळीतून बारीक तारा घालतात किंवा छोट्या पट्ट्या-स्क्रू बसवतात. पण ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. स्प्लिंट लावलेल्या आणि ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांची तुलना करून पाहिली, तेव्हा बऱ्याच फ्रॅक्चरमध्ये शेवटी चालण्यात मोठा फरक आढळला नाही. म्हणून दोन डॉक्टरांनी दोन वेगळे सल्ले दिले तर त्यातला एक फसवतोय असं समजू नका. "ऑपरेशन नाही केलं तर काय बिघडेल?" हा प्रश्न सरळ विचारा. चांगला डॉक्टर एक्स-रे समोर धरून उत्तर देतो.

बोटाच्या छोट्या हाडांचा पार चुरा झाला असेल तर कधी ते बोटच काढतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण एक बोट गेलेलं कुत्रं सहसा व्यवस्थित चालतं, पळतं. महिनोन्‌महिने दुखणारं, पू धरणारं बोट ठेवण्यापेक्षा ते भलं.

मनगट आणि घोट्यातली छोटी हाडं मोडणं हा वेगळाच, जास्त अवघड प्रकार आहे. इथे मी फक्त पंजाबद्दल बोलते आहे.

बँडेज

चिंगीचं पहिलं बँडेज जिथे झालं तिथे गर्दी होती, घाई होती. पांढरं शुभ्र, टणक बँडेज बघून मला बरं वाटलं. घट्ट म्हणजे मजबूत, असं आपल्या डोक्यात असतं. रात्री अकराला ती सारखी पंजा चावू लागली. मी टॉर्च धरून बघितलं. बँडेजच्या टोकातून दिसणारी मधली दोन बोटं सुजली होती आणि त्यांची नखं एकमेकांपासून फाकली होती. दुसऱ्या पंजाची बोटं कोमट, ही थंडगार. मला अर्थ कळला नाही. फोटो काढून ओळखीच्या एका डॉक्टरांना पाठवला, त्यांचा लगेच फोन आला, "ताई, आत्ताच्या आत्ता सोडा ते. सकाळची वाट बघू नका." कात्रीने कापताना माझे हात थरथरत होते.

बँडेज गच्च असलं की आधी रक्त परत वर जाणं थांबतं, बोटं सुजतात, सूज बँडेजला आणखी आवळते आणि शेवटी रक्त खाली येणंही थांबतं. काही तासांत कातडी आणि मांस मरू शकतं. जुळून येण्यासारखं फ्रॅक्चर असताना बँडेजपायी पंजा गमवावा लागणं, याहून वाईट काही नाही. हाड बसवणाऱ्याकडे नेऊन बांबूच्या पट्ट्या करकचून बांधून आणतात, तेव्हाही हाच धोका असतो.

नीट बांधलेल्या बँडेजमध्ये आधी बोटांच्या बेचक्यांत थोडा कापूस असतो, मग मऊ कापसाचा जाड थर, त्यावर गॉझ, मग पंजाच्या मागच्या बाजूने चमच्यासारखी खोलगट स्प्लिंट आणि सगळ्यात वर चिकटणारी पट्टी. मधल्या दोन बोटांची टोकं मुद्दाम उघडी ठेवतात, रोज बघता यावीत म्हणून. पहिल्या दिवसानंतर एकदा आणि मग साधारण दर आठवड्याला बँडेज सोडून कातडी बघायला हवी. पिल्लू असेल तर आणखी लवकर, कारण पाय वाढतो पण बँडेज वाढत नाही.

रोज सकाळी मी तीन गोष्टी करायचे. उघड्या बोटांना हात लावून ती कोमट आहेत ना, नखं फाकलेली नाहीत ना, हे बघायचे. बँडेज खाली घसरलंय का ते पाहायचे. आणि नाक अगदी जवळ नेऊन वास घ्यायचे. तिसरी गोष्ट विचित्र वाटेल, पण आत जखम चिघळत असेल तर डोळ्यांआधी नाकाला कळतं. कुजकट, गोडसर वास आला, काल टेकवत असलेला पाय आज अचानक उचलून धरला किंवा कुत्रं एकाच जागी चावत सुटलं, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. कुत्र्याला खोडी म्हणून रागवूही नका. ते सांगत असतं.

ओलं बँडेज हा दुसरा शत्रू, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तो घरातच बसलेला असतो. कूलर. त्याच्याखाली सांडलेलं पाणी, आजूबाजूची दमट फरशी, आणि कुत्र्याची आवडती जागा नेमकी तीच. त्यात कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळव्याच्या गाद्यांना, म्हणजे बँडेजच्या आत. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मी चिंगीचं अंथरूण कूलरच्या झोतात पण पाण्यापासून लांब, लाकडी पाटावर केलं होतं. मग पावसाळा आला. अंगणात नेताना डॉक्टरांनी दिलेली सलाईनची रिकामी पिशवी कापून पंजावर चढवायची आणि घरात आल्याबरोबर काढायची. दिवसभर प्लास्टिक ठेवलं तर आत घाम साचून कातडी सडते. बँडेज भिजलंच तर पंख्याखाली वाळवून चालत नाही, बदलावं लागतं.

आत काय चालतं

हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं. ती गाठ म्हणजे कामाची सुरुवात. शरीर तिथे नव्या पेशी पाठवतं, म्हणून पहिले काही दिवस सूज आणि ऊब असते. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांमध्ये रबरासारखा, कूर्चेचा मऊ सांधा तयार होतो. मग त्यात चुना भरत जातो आणि तो कडक होतो. या भरावाला कॅलस म्हणतात, एक्स-रेत तो ढगासारखा दिसतो. पुढे कित्येक महिने शरीर हा जास्तीचा भराव घासून हाडाला जुन्या आकाराकडे नेत राहतं.

फसगत होते ती या मधल्या टप्प्यात. मऊ सांधा बसला की दुखणं कमी होतं, तिसऱ्या आठवड्यात कुत्रं पळायला बघतं आणि आपण म्हणतो, झालं बरं. अजून ते हाड नसतं. एक उडी पुरते, आणि काम पहिल्यापासून सुरू होतं. लहान पिल्लाचं हाड तीन-चार आठवड्यांत जुळतं, मोठ्या कुत्र्याला साधारण सहा ते आठ लागतात, म्हाताऱ्याला त्याहून जास्त. पंजाभोवती मांडीसारखं मांस नसतं, हाडाला रक्त पुरवणारा तो थर इथे पातळ, म्हणूनही धीर धरावा लागतो. बँडेज कधी काढायचं हे लंगडणं बघून ठरवायचं नसतं, चौथ्या ते सहाव्या आठवड्यातला एक्स-रे बघून ठरवायचं असतं.

तोवर कुत्रं एका खोलीत किंवा पिंजऱ्यात, शी-शूसाठी पट्ट्यावरच. दिवाणावर उडी नाही, जिना नाही, फाटकाकडे धाव नाही. गुळगुळीत टाइल्सवर आम्ही जुन्या सतरंज्या पसरल्या. ती तीन पायांवर घसरली तर चांगला पायही जायचा. बँडेज चावू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन बघून जीव तुटतो, तरी काढू नका.

खाण्याबद्दल थोडं. तयार संतुलित खाद्य खाणाऱ्या कुत्र्याला वरून कॅल्शियमचं औषध पाजल्याने हाड लवकर जुळत नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांना तर जास्तीचं कॅल्शियम बाधतं. उलट नुसत्या पोळी-दुधावर किंवा नुसत्या मटणावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं मुळातच कागदासारखी पातळ असू शकतात. सोफ्यावरून उतरताना पिल्लाचा पाय मोडला असेल तर डॉक्टरांना ते काय खातं हे खरं-खरं सांगा. तिथे आहार सुधारणं हाच अर्धा उपचार असतो. वजन मात्र वाढू देऊ नका. हालचाल कमी, तर खाणंही कमी.

रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. लंगडणारं पिल्लू दिसलं की लोक मायेने नेतात, बँडेज करून आणतात आणि पुन्हा गल्लीत सोडतात. पंधरा दिवसांनी तेच बँडेज चिखलाने कडक झालेलं, आत किडे पडलेले. ज्याला रोज बघायला कोणी नाही, त्याला बँडेज न करणं कधी कधी जास्त बरं. एखादं कडेचं हाड मोडलं असेल तर बंद अंगणात काही आठवडे ठेवून, दुखणं कमी ठेवून भागतं का, हे डॉक्टरांना विचारा. बँडेज करायचंच असेल तर ते उतरेपर्यंत त्याला ठेवून घेणारं घर आधी शोधा.

चिंगीचं बँडेज जुलैत निघालं. आतला पाय ओळखू येईना. केस झडलेले, दंड बारीक झालेला, मनगट ताठ, गाद्यांची कातडी पांढरी मऊ. हे बहुतेकांचं असंच असतं आणि हळूहळू भरून येतं. डॉक्टरांनी दिवसातून तीनदा मनगट आणि एकेक बोट हलकेच वाकवून सरळ करायला सांगितलं, दुखेल तिथे थांबायचं. पट्ट्यावर पाच मिनिटांचं सावकाश चालणं, दर आठवड्याला थोडं वाढवत. हळू चालताना पाय टेकवावाच लागतो, पळताना तीन पायांवर निभावून नेता येतं, म्हणून हळूच चालवायचं. पहिल्या दिवशी तिने टेकवलाच नाही. चौथ्या दिवशी सकाळी पाणी प्यायला वाकली तेव्हा चारही पाय जमिनीवर होते.

आता तीन वर्षं झाली. डिसेंबरच्या थंडीत उठल्याबरोबर चार पावलं ती तो पाय जरा जपून टाकते, मग विसरते. एक हाड किंचित वाकडं जुळलंय, हात फिरवला की लागतं. त्यामुळे कडेचं बोट जमिनीला पुरतं घासत नाही आणि त्याचं नख बाकीच्यांपेक्षा लवकर वाढून वळतं. दर तीन आठवड्यांनी ते एवढं एक कापावं लागतं.